चौथं बोट

आधी करंगळी मिटायची. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं, तेही अर्धंच, मिटू की नको अशा बेतानं. चौथं बोट मात्र ताठ उभं राहायचं आणि त्याचा रोख आपोआप समोरच्या माणसाकडे जायचा. मग ते म्हणायचे, "तीन बी धड न्हाईत. चौथा कोन?"

तुम्ही सकाळी आमच्या वसाहतीत फिरायला आला असतात, म्हणजे गेटवर तुम्हाला आत सोडलं असतं तर, हे बोट तुमच्याकडेही वळलं असतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतर, आणि पायात मुलानं आणून दिलेले महागाचे स्पोर्ट्स शूज. धोतरावर ते बूट इतके विचित्र दिसायचे की पहिल्या दिवशी मी हसलो होतो. त्यांनीही पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरानं घोडं केलंय माझं. नाल मारलेत."

त्यांना नाव होतं, चांगलं देवाचं. पण आमच्याकडे माणसं ओळखली जातात बंगल्याच्या नंबरानं. मी अकरा. डॉक्टर पाच. आणि हे सतराचे वडील. बंगल्याच्या पाटीवर मुलाचं नाव, गेटवरच्या यादीत मुलाचा मोबाईल. मीसुद्धा त्यांचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं ते फार उशिरा, आणि कुठं वाचलं ते सांगतोच.

आधी वसाहत सांगतो. नगर आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे. तर नगर मागं टाकून थोडं पुढं आलं की उजव्या हाताला मोठी कमान लागते. तिच्या आत बत्तीस बंगले, हिरवळ, क्लब हाऊस, फिरायला गोल रस्ता. मी मूळचा पारनेरचा. लहानपणी टँकरमागं हंडा घेऊन पळालेला माणूस. इथंही टँकरच येतो, पण त्या पाण्यानं हिरवळ भिजते आणि मोटारी धुतल्या जातात. पहिल्या उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून मी सवयीनं बादली घेऊन बाहेर पळालो होतो. बायकोनं दारातून हाक मारली, "अहो, नळ आहेत आपल्याकडे." समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी पडदा सरकवून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतला. त्या बाईंची आणि माझी एवढीच ओळख.

इथं सगळं आहे. नाही ते एवढंच की कुणी कुणाकडे जात नाही. मोटार गॅरेजमधून निघते, काच वर असते, गेटचा दांडा वर होतो, मोटार जाते. मला शेजाऱ्यांचे चेहरे सांगता यायचे नाहीत, पण रात्री आलेली गाडी कुणाची ते आवाजावरून सांगेन.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, तोही माझ्याच कर्तबगारीनं. बँकेतून निवृत्त झाल्यावर वार्षिक सभेला गेलो आणि जेवणानंतरची वेळ असल्यानं पेंगलो. टाळ्यांनी जाग आली. सभा संपली असं समजून मीही जोरात टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्या निवडीच्या होत्या.

सतराचे वडील इथं आले ते बायको गेल्यावर. कोल्हारला प्रवरेच्या काठी त्यांचा मळा. तो पुतणे बघतात. मुलाचा इथं एमआयडीसीत कारखाना. मुलगा खरंच चांगला. वडिलांना वेगळी खोली, एसी, मोठा टीव्ही. त्यांना काही कमी नव्हतं. हे वाक्य आमच्याकडे बत्तीसही बंगल्यांतल्या म्हाताऱ्यांबद्दल म्हणतात.

आल्यावर आठ दिवसांनी त्यांनी मला फिरायच्या रस्त्यावर अडवलं.

"सेक्रेटरी तुमीच ना? मंग सांगा, इथं काय मागायचं आसलं तं कुनाच्या घरी जायाचं?"

"काय हवंय, बाबा?"

"कायबी. इरजन."

"मोबाईलवर सांगा की. दही गेटवर आणून देतात."

"दही न्हाई वो. दही हाय फ्रिजात डबाभर. इरजन मागायला जायाचंय."

मला वाटलं, वयामुळं गोंधळ होतोय. मी त्यांना प्रेमानं मोबाईलवरून दही मागवायची रीत समजावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. त्या वेळी मला फार समाधान वाटलं होतं.

मग बावीस नंबरच्या आजी गेल्या. सकाळी ग्रुपवर संदेश आला आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले, मोबाईलवर. अंत्ययात्रा अकराला होती. अकराला क्रिकेटची मॅच होती.

दुपारी दाराची बेल वाजली. आमच्या दाराची बेल वाजली की मी दचकतो, कारण गेटवरून फोन आल्याशिवाय ती वाजत नाही. दारात सतराचे वडील. टोपीला बुक्का लागलेला.

"तुमी न्हाई आला?"

"मेसेज टाकला होता मी, बाबा."

"व्हय?" त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तिला पोचला का?"

मी त्यांना आत बोलावलं. ते पायरीवरच बसले. कोल्हारला त्यांच्या आळीत कुणी गेलं की तिरडी बांधायला यांनाच बोलावत. बोलावत म्हणजे काय, रडणं ऐकू आलं की हे सुंभाचं भेंडोळं घेऊन निघत. बांबू, कामट्या, गवत, मडकं, गोवऱ्या, सगळं कुणी न सांगता गोळा होई. खांदा द्यायला माणसं इतकी की दर वीस पावलांवर बदली. "ज्याच्याशी बांधावरनं भांडन, त्योबी खांदा देतो. त्या दिवशी न्हाई कुनी भांडत." त्या सवयीनं ते सकाळी आठपासून बावीसच्या फाटकाबाहेर उभे होते. आतून कुणी आलं नाही, बाहेरून कुणी गेलं नाही. अकराला गाडी आली. दोन गणवेशातले लोक उतरले. त्यांनी चाकांचं स्टीलचं स्ट्रेचर घरात नेलं, बाहेर आणलं, गाडीत ढकललं. बुक्का यांनीच आणला होता खिशातून, तो यांनीच लावला.

"म्हातारी चाकावर गेली वो, सेक्रेटरी," ते म्हणाले. "दवाखान्यात नेत्यात तशी."

त्याच दिवशी पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी पहिल्यांदा बोटं मोजली. करंगळी, त्यांचा मुलगा. तिच्या शेजारचं बोट मिटायच्या आधी माझ्याकडे बघून थांबले. "तुमी एक व्हाल का?"

"कशाला?"

"खांद्याला."

माणूस समोर बसून असं विचारतो तेव्हा काय बोलायचं असतं, तुम्हीच सांगा. मी विनोद केला. म्हटलं, "बाबा, माझा खांदा फ्रोझन आहे, डॉक्टरांनी ओझं उचलू नको सांगितलंय." ते हसले नाहीत. "माझं वजन लई न्हाई," म्हणाले. मग मी म्हटलं, "बरं, मी एक."

"शब्द?"

"शब्द."

बोट मिटलं. त्या मिटलेल्या बोटाकडे त्यांनी असं बघितलं की मला बँकेतल्या लॉकरला किल्ली लावल्याचा भास झाला.

नंतर ते चौघांच्या शोधात फिरू लागले. पाच नंबरचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नसेल तर नक्की येईन." म्हणून ते बोट अर्धंच मिटलं. गेटवरचे लोक तयार होते, पण त्यांना गेट सोडता येत नाही, तसा नियम आहे. नियम मीच केलेला. बाकी बंगल्यांत गेटवरून फोन केल्याशिवाय कुणी दार उघडत नव्हतं, आणि "खांद्यासाठी विचारायला आलोय" हे फोनवर कसं सांगायचं. माझी बायको एकदा म्हणाली, "मी देईन की खांदा, बाबा." त्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "बाया देत न्हाईत आमच्यात. पर तू इच्यारलं, हेच लई." आणि त्या दिवशी चहा प्यायला आत आले. जाताना वाटीत विरजण मागून घेतलं.

आता माझा पहिला मोठा प्रताप.

कोल्हारहून भाजीच्या टेम्पोत घालून त्यांनी दोन बांबू आणवले. सरळ, वजनदार, पेरं तासून गुळगुळीत केलेले. बंगल्याच्या बाजूच्या बोळात भिंतीला लावून ठेवले. सुनेला वाटलं वेल चढवायला आणलेत. मी एका पाहणीत ते पाहिले आणि सेक्रेटरीच्या अंगात आलं. नोटीस काढली, "मोकळ्या जागेत बांधकाम साहित्य ठेवू नये." सूनबाई बिचारी घाबरली. म्हणाली, "काका, तुम्हीच घेऊन जा ना." मला तरी कुठं काय करायचं होतं. पण सव्वीस जानेवारी जवळ आली होती, फलक टांगायला उभं काहीतरी हवं होतं. मी ते बांबू हिरवळीवर रोवले आणि त्यांच्यामध्ये कापडी फलक ताणला, "एक सोसायटी, एक कुटुंब."

झेंडावंदनाला सगळे जमले होते. वर्षातून तेवढे एकदाच जमतात, कारण नंतर जिलेबी असते. सतराचे वडील फलकाखाली येऊन उभे राहिले. एका बांबूवरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सेक्रेटरी, माझी तिरडी उभी केली व्हय तुमी?"

तोंडातली जिलेबी गिळायला मला किती वेळ लागला ते देवाला ठाऊक. मी म्हटलं, आत्ता काढतो, माफ करा. त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. बोळात पडून ऱ्हान्यापरीस बरं. मानसं तरी जमली त्यांच्याखाली. पर गाठ काय मारलीय ही? बुटाची हाय का?"

आणि तिथंच त्यांनी मला तिरडीची गाठ शिकवली. "वाटंत सुटायची न्हाई. पर तिथं पोचल्यावर एका हिसक्यात सुटली पायजे. तिथं गाठी सोडवत बसलं तं मानसं रडत्यात जास्ती." तीन वेळा चुकलो. चौथ्यांदा जमली. बोटं माझी होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू त्यांना मुलगा झाला.

फलक उतरला, बांबू राहिले. त्यांना बॅडमिंटनची जाळी बांधली गेली. संध्याकाळी ते तिथं बाकावर बसत आणि मधूनच उठून गाठी चाचपून येत. खेळणाऱ्यांना वाटे, म्हाताऱ्याला खेळाची आवड आहे.

दुसरा प्रताप मोबाईलचा. मुलानं त्यांना फोन घेऊन दिला, ग्रुपवर घातलं. त्यांना लिहायला जमत नसे, म्हणून ते बोलून पाठवत. रोज पहाटे पाचला ग्रुपवर त्यांचा आवाज येई, "मी सतराचा बाप बोलतोय. उठलो हाय. कोन कोन उठलं?" मागं कोकिळेचा नाहीतर टँकरचा आवाज. बस, एवढंच. कोल्हारला पहाटे ते ओट्यावर येऊन खाकरत आणि आळीतून चार खाकर परत येत, त्यातलंच हे.

इथं खाकरायला कोण बसलंय. तक्रारी माझ्याकडे आल्या. मी डॉक्टरांना खासगीत लिहायला गेलो, "म्हातारबुवा रोज स्वतःची हजेरी लावतात. मी म्यूट केलंय, तुम्हीही करा." लिहिलं, पाठवलं, आणि मग पाहिलं की ते ग्रुपवर गेलंय. खोडेपर्यंत सात जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

लिहिता येत नसलं तरी वाचता येत होतं त्यांना. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर भेटले.

"सेक्रेटरी, ते म्यूट म्हंजी काय आसतंय?"

"म्हणजे, मेसेज येतो, पण आवाज होत नाही."

"मानूस बोलतंय, पर ऐकू जात न्हाई."

"तसंच काहीसं."

"मंग ते तं समद्या कालनीला पहिल्यापासून हाय की." थोडं चालले. "तुमी काढलं का मंग ते माझ्यावरचं?"

"हो. कालच काढलं," मी म्हणालो.

काढलं नव्हतं. काढणार होतो. मोबाईल विचारतो, आठ तासांसाठी, आठवड्यासाठी की कायमचं. मी कायमचं केलं होतं, आणि ते कुठून काढतात हे मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायची लाज वाटली.

श्रावणात मी आणि बायको भंडारदऱ्याला गेलो, शनिवार-रविवार. रेंज नव्हती असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. रेंज होती. धबधब्यासमोर काढलेला आमचा फोटो मी तिथूनच मुलाला हॉलंडला पाठवला. शनिवारी दुपारी जेवणानंतर टँकरची सूचना टाकायला ग्रुप उघडला. जोडलेल्या हातांची लांबलचक रांग होती. श्रावण आहे, कुणीतरी महादेवाचा फोटो टाकला असेल, असं वाटलं. वर जाऊन पाहायचा कंटाळा आला. मीही हात जोडले, आणि खाली टँकरची वेळ लिहिली.

रविवारी संध्याकाळी गेटवर गाडी थांबली. दांडा वर करण्याआधी गेटवरचा माणूस खिडकीशी आला. एरवी तो येत नाही.

"साहेब, सतराचे बाबा गेले. काल."

मी विचारू नये ते विचारलं. "किती लोक होते?"

"गाडी आली होती ना साहेब. लोकं लागली नाहीत."

बायको उतरून तशीच सतराकडे चालत गेली. मी गाडीत बसून राहिलो. मागच्या मोटारीनं हॉर्न दिला तेव्हा भान आलं. गाडी बाजूला घेतली आणि मोबाईल उघडला. तिथं त्यांचं नाव मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मुलानं लिहिलं होतं. खाली हात. अठरा जणांचे. एकोणिसावे माझे. त्यांच्याखाली माझंच, "उद्या टँकर सकाळी सातला येईल."

मुलाच्या संदेशाच्या वर, शनिवारच्या पहाटे पाचचे दोन आवाज होते. पहिला नेहमीचाच. "मी सतराचा बाप बोलतोय. उठलो हाय. कोन कोन उठलं?" दुसरा थोड्या वेळानं. श्वास लागलेला. "सेक्रेटरी, जागं आसाल तं या जरा. पोरगं पुन्याला गेलंय. सून माहेराला हाय." मग बराच वेळ नुसता टँकरचा आवाज, आणि "आसू द्या, झोपा."

बत्तीस बंगल्यांत तो ग्रुप आहे. कामवाली नऊला आली, तिला ते दिसले.

मी भंडारदऱ्याला होतो, येऊ शकलो नसतो, असं बायको म्हणते. पण मी ऐकलं असतं तर गेटवर एक फोन करू शकलो असतो. गेट सोडू नये हा नियम माझा होता, तो मला मोडता आला असता.

मुलाला भेटलो. रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "काका, तुम्ही सुट्टीवर होतात, म्हणून फोन करून त्रास दिला नाही. ग्रुपवर टाकलं होतं. तुमचा मेसेज पाहिला, बरं वाटलं." मी विचारलं, बांबू? तो म्हणाला, "कसले बांबू?"

तिथून हिरवळीवर गेलो. जाळी तशीच होती, पावसानं भिजून जड झालेली. मी गाठ धरली आणि ओढली. एका हिसक्यात सुटली. दुसरीही सुटली. जाळी खाली पडली ती तिथंच राहू दिली. दोन्ही बांबू उपटले, एकेक करून माझ्याच खांद्यावर घेतले, आणि आमच्या बोळात आणून ठेवले. आखडलेला खांदा तीन दिवस दुखला. सकाळी ग्रुपवर विचारणा होती, जाळीचे खांब कुणी काढले, सेक्रेटरींनी लक्ष घालावं.

आता मीही पहाटे जागा होतो. मुलगा हॉलंडला, तो विमानानं येईपर्यंत थांबवून ठेवायची सोय असते म्हणतात. करंगळी मिटत नाही. डॉक्टर ऑपरेशन नसेल तर. बायको म्हणते, "मी आहे ना." मग मी तिचं बोट मिटतो आणि बाकीच्या बोटांकडे बघत बसतो.

परवा पाचला उठलो. फोन घेतला, बटण दाबून धरलं, आणि माझा मलाच अनोळखी वाटणारा आवाज ऐकत बोललो, "मी अकराचा बोलतोय. उठलो आहे. कोण कोण उठलंय?"

सव्वानऊला एक उत्तर आलं. जोडलेले हात.